एका दाताचा फरक

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे काम मी पैसे वाचवायला काढलं नव्हतं. आमच्या इमारतीत तसं बोललं जातं, आणि कोण बोलतं हेही मला ठाऊक आहे. मी ते काढलं, कारण माझा अपमान झाला होता.

झालं असं. आमची गाडी जुनी आहे. जुनी म्हणजे खटारा नव्हे, वयस्क. तिचं दार दोनदा ओढावं लागतं आणि वळताना ती जरा कण्हते, पण हल्ली मीही कण्हतो. ती मी नेहमीच्या गॅरेजवाल्याकडे तेल बदलायला नेली. त्यानं बॉनेट उघडलं, आत बॅटरीचा झोत मारला आणि म्हणाला, "साहेब, टायमिंग बेल्ट बदलून टाका. भेगा पडल्यात. कधीही जाईल."

"आणि गेला तर?"

"तर इंजिन गेलं."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाच्या एका अंगाला वर एक चाकी असते आणि खाली एक चाकी असते. दोघींनी एकमेकींचा ताल धरून फिरायचं, आणि तो ताल सुटू नये म्हणून दोघींवरून एक दातेरी रबरी पट्टा घातलेला असतो. तोच टायमिंग बेल्ट. धावत्या गाडीत तो तुटला, तर वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या वस्तूंची आतल्या आत अशी टक्कर होते, की पुढचं सगळं भंगारवाल्याशी बोलावं लागतं.

"घरी बदलता येतो का हो हा?" मी सहज विचारलं. अगदी सहज. माणूस हवापाण्याबद्दल विचारतो तसं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग मागे वळून गॅरेजभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ऐकलं का रे? साहेब घरी बदलणार म्हणतात!" शेजारच्या गाडीखालून दोघं हसले. गाडीखालून! ज्यांचे फक्त पाय दिसत होते अशा माणसांनी मला हसावं! वर हा म्हणतो, "नको साहेब. हे फार नेमकं काम असतं. तुम्हाला नाही जमायचं."

नेमकं काम! हे तो कोणाला सांगत होता? मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. या शहरातल्या निम्म्या बाजाराचे तराजू माझा शिक्का बसल्याशिवाय हलत नाहीत. केसभर आखूड असलेली कापडवाल्याची पट्टी मी दुकानाच्या दारातून ओळखतो. नेमकेपणावर माझं घर चालतं. मी बॉनेट स्वतःच्या हातानं बंद केलं, ते आपोआप उघडलं, मी ते पुन्हा बंद केलं, आणि तिथून थेट सुट्या भागांच्या दुकानात जाऊन बेल्ट विकत घेतला.

माझी बायको फिजिओथेरपिस्ट आहे. ज्यांना दवाखान्यात येववत नाही अशा पेशंटांच्या घरी ती जाते, आणि गाडी खरं तर तिचीच. मी ती फक्त धुतो आणि तिच्याबद्दल काळजी करतो.

"सोमवारी मला गाडी लागणार आहे," बायको म्हणाली. "टेकडीपलीकडच्या आजींकडे बस जात नाही, माहीत आहे ना?"

"सोमवार? अगं, रविवारी दुपारी तू गाडी घेऊन भाजी आणायला जाशील."

"गॅरेजवाला नक्की काय म्हणाला?"

"काही नाही."

"काहीतरी म्हणालाय." ती माणसाच्या चालण्यावरून त्याचा कुठला स्नायू दुखावलाय ते सांगते. माझा स्वाभिमान बहुधा डाव्या खांद्यात असावा, कारण ती तिथंच बघत होती. "करा. पण आजींच्या बाबतीत मला गंमत नकोय. महिनाभर खाटेवर होत्या त्या. आत्ता कुठे खिडकीपर्यंत यायला लागल्यात. मधे खंड पडला ना, तर पुन्हा भीती बसेल त्यांना."

"खंड पडणार नाही," मी म्हणालो. शब्द दिला.

शनिवारी सकाळी मी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये गाडीचं पुढचं उजवं चाक काढलं. आमच्या इमारतीत एखादा माणूस जिन्यात घसरून पडला तर कोणाचं दार उघडत नाही. पण गाडीचं एक चाक काढून बघा. दहा मिनिटांत माझ्याभोवती लग्नाला जमावी तशी माणसं जमली. एकानं विचारलं, "पंक्चर का?" मी नाही म्हटलं तर त्याचा चेहरा पडला. दुसरा म्हणाला, माझ्या चुलत भावानं असंच घरी केलं होतं. पुढे काय झालं ते त्यानं सांगितलं नाही. नुसता मान हलवत निघून गेला. अशा माणसांवर खटले भरायला हवेत.

मग आले कॅप्टन. हे त्यांचं इमारतीतलं नाव. आपण सगळी नोकरी जहाजावर केली असं ते सांगतात, आणि ते खरंही आहे. फक्त ते तिथं कोठीघर सांभाळत होते, हे सांगायचं राहून जातं. त्यांनी घरून प्लास्टिकची खुर्ची आणली, ती बरोबर माझ्या उजेडात ठेवली आणि बसले.

"बेल्ट काढताय, तर पाण्याचा पंपही बदलून टाका," ते म्हणाले. "त्याच पट्ट्यावर फिरतो ना तो. आज सोडलात तर वर्षभरात पुन्हा हेच सगळं उघडावं लागेल. आमच्या जहाजावर..."

"तुमच्या जहाजाला टायमिंग बेल्ट होता?"

"आमच्या जहाजाच्या इंजिनात माणूस उभा राहायचा!" ते म्हणाले, आणि हे जणू उत्तर असल्यासारखे भोवतालच्यांकडे बघू लागले. भोवतालच्यांनी माना डोलावल्या. त्या माना बघून मी दुकानात चालत गेलो आणि पंप आणला. खोका उघडून बघितला नाही. का बघायचा? खोक्यावर आमच्या गाडीचं नाव छापलेलं होतं. मी छापील मजकुरावर विश्वास ठेवणारा माणूस आहे.

आता खालच्या चाकीबद्दल. तिच्यावर एक जाडजूड कप्पी असते आणि ती एका बोल्टनं बसवलेली असते. तो बोल्ट बसवणारा माणूस जगावर चिडलेला असावा. मी पाना लावला, जोर केला, बोल्ट हलला नाही. वर चढून उभा राहिलो, तरी हलला नाही. हललं ते इंजिन. ते फिरू नये म्हणून गाडी गिअरमध्ये टाकून कोणीतरी ब्रेक दाबून धरावा लागतो. कॅप्टन म्हणाले, "मी बसतो." खुर्चीतून उठून ते ड्रायव्हरच्या जागी बसले. मी पान्याच्या दांड्यावर नळाचा लांब पाइप चढवला, पाय रोवले आणि ओरडलो, "दाबा!"

"दाबलाय!"

मी सगळ्या अंगानं ओढला. बोल्ट किंचित कुरकुरला. त्याच क्षणी कॅप्टननी ब्रेकवरचा पाय काढला, कारण खिडकीतून डोकं बाहेर काढून "कंबरेतून नको, गुडघ्यातून ओढा" असं सांगायला त्यांना वळावं लागलं. इंजिन फिरलं, पाना निसटला, मी पाठीवर आपटलो आणि पाइप भिरभिरत जाऊन जिन्याजवळच्या टपालपेट्यांच्या रांगेवर आदळला. सगळ्या पेट्यांत मधोमध सेक्रेटरींची पेटी होती. ती आता थोडी आत होती.

बोल्ट मात्र सुटला होता. कोणी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. सगळे पेटी बघायला गेले.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी अतिशय शांत गृहस्थ आहेत, आणि मला त्यांचा सगळ्यात जास्त राग येतो तो त्यामुळेच. ते नियमांची वही घेऊनच खाली आले. पेटीबद्दल बोलले नाहीत. म्हणाले, "पार्किंगमध्ये गाडी पुसता येते, हवा भरता येते. दुरुस्तीला मनाई आहे."

"ही दुरुस्ती नाही," मी म्हणालो. "काही बिघडलेलं नाही. हा बदल आहे."

"बदल असेल तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागेल."

"मग दुरुस्ती समजा!"

"दुरुस्तीला मनाई आहे."

मी सरकारी माणूस आहे. कागदानं मला हरवता येत नाही, असा माझा समज होता. मी तिथल्या तिथे अर्ज लिहिला. पंप हा गाडीच्या आरोग्याचा आणि पर्यायानं सभासदांच्या सुरक्षिततेचा विषय असल्यानं सदर काम तातडीचं समजण्यात यावं, असा. भाषा फार चांगली उतरली होती. सेक्रेटरींनी तो वाचला, "सभासदांच्या हरकती मागवाव्या लागतील," म्हणाले आणि नोटीस बोर्डावर टाचून टाकला. हरकती येईपर्यंत काम चालू ठेवायला त्यांची हरकत नव्हती. ती लिहून द्यायला मात्र होती.

दुपारनंतर काम खरोखरच पुढे सरकलं, आणि हे मी कोणाच्याही मदतीशिवाय केलं. इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकनं त्याला आधार दिला, कारण बेल्ट काढायचा तर इंजिन ज्यावर टांगलेलं असतं तो आधारच काढावा लागतो. वरचं झाकण काढलं. दोन्ही चाक्यांवरच्या खुणा जुळवल्या. जुना बेल्ट अलगद उतरवला. तो हातात घेतला तेव्हा गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं असल्याचं दिसलं. भेगा होत्या. मी तो नीट गुंडाळून पिशवीत ठेवला आणि रविवारी सकाळी पंपाला हात घातला.

जुना पंप सोडायचा तर आधी त्यातलं पाणी काढावं लागतं. मी खाली घमेलं ठेवलं होतं. घमेलं एका ठिकाणी होतं आणि पाणी दुसऱ्या ठिकाणी आलं. यात माझा दोष काय, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. ते पाणी असतं भडक हिरवं. ते गाडीखालून निघालं, पार्किंगमधून वाहत थेट तळमजल्यावरच्या मावशींच्या दारापर्यंत गेलं, आणि मावशींनी दार उघडलं.

"विष!" मावशी ओरडल्या. "टाकीत विष मिसळलंय!"

टाकीचा आणि त्या पाण्याचा काहीही संबंध नव्हता. टाकी इमारतीच्या पार मागे आहे. पण कोणीतरी धावत जाऊन टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. रविवारची सकाळ, सगळी इमारत अंघोळीला बसलेली, आणि सगळ्यांचे नळ एकदम कोरडे. एकेका बाल्कनीतून फेसाळलेली डोकी बाहेर आली. मी लाकडाचा भुसा पसरून हिरवं पाणी टिपत होतो. "हे इंजिनाचं पाणी आहे, टाकीचं नाही," असं वर तोंड करून सांगत होतो, आणि वरून लोक जे बोलत होते ते मी इथे देत नाही. सेक्रेटरी टॉवेल गुंडाळून खाली आले. कानामागे साबण होता. तरीही शांत!

"अर्जावर पहिली हरकत माझी," ते म्हणाले.

फरशी पुसून झाल्यावर मी नव्या पंपाचा खोका उघडला. पंप सुंदर होता. त्याची भोकं आमच्या इंजिनाच्या भोकांशी जुळत नव्हती. खोक्यावर गाडीचं नाव बरोबर, आत पंप भलत्याच गाडीचा! एका किराणावाल्यानं साखरेच्या पुड्यावर असा प्रकार केला असता तर मी त्याचं दुकान बंद केलं असतं. दुकान गाठायला मी तसाच काळ्या हातांनी निघालो. दुकान बंद होतं. रविवार होता.

संध्याकाळी बायकोनं माझे हात बघितले. तिनं आजींच्या घरी फोन लावला. "सोमवारी जमेल असं वाटत नाही," ती म्हणाली. मग बराच वेळ पलीकडचं ऐकत राहिली. "नाही हो, सोडून कशी देईन? गुरुवारी नक्की येते." फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "त्यांची सून म्हणतेय, गुरुवारी नाही जमलं तर दुसरं कोणीतरी बघते. तिचंही बरोबर आहे. तिला रजा मिळत नाही."

"गुरुवारच्या आत—"

"शब्द देऊ नका," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता तर मला बोलता आलं असतं.

सोमवारी कचेरीत एका पेट्रोलपंपवाल्याची सुनावणी होती, त्यामुळे रजा घेता येईना. जेवणाच्या सुट्टीत दुकानात गेलो. दुकानदारानं पंप हातात घेऊन उलटासुलटा केला आणि मलाच विचारलं, "तुम्ही घेताना बघितला नाही का?" मी त्याच्या काउंटरवरचा वजनकाटा निरखून बघितला, तेव्हा त्यानं निमूटपणे बरोबर पंप काढून दिला. संध्याकाळी विजयी मुद्रेनं घरी आलो. पार्किंगमध्ये शिरलो आणि थांबलो.

माझी गाडी पिंजऱ्यात होती.

इमारतीच्या त्या संपूर्ण बाजूला लोखंडी पाइपांची परांची उभी राहिली होती. ती पार्किंगच्या तोंडाशी सुरू होऊन वर गच्चीपर्यंत गेली होती. तिचे चार पाय माझ्या गाडीच्या चार कोपऱ्यांशी रोवलेले होते आणि आडवे पाइप गाडीच्या पुढून आणि मागून गेले होते. वर फळ्यांवर रंगारी भिंत खरवडत होते.

"ही काय पद्धत आहे?" मी ओरडलो.

रंगकामाचा मुकादम खाली वाकला. त्याचा एक हात दुसऱ्या खांद्यावर होता. "तुमची का गाडी? आम्ही ढकलून बघितली. हलली नाही."

"तिला तीन चाकं आहेत! इंजिन ठोकळ्यावर आहे! ढकलून बघितली?"

"म्हणूनच हलली नसेल," तो म्हणाला.

मी सेक्रेटरींच्या दारावर गेलो. रंगकाम सोमवारपासून सुरू होणार, गाड्या हलवाव्यात, अशी सूचना बोर्डावर शनिवारी सकाळीच लावलेली होती, असं ते म्हणाले. मी म्हणालो, मी बोर्ड रोज वाचतो, अशी सूचना तिथे नव्हती. आम्ही दोघं खाली गेलो. बोर्डावर माझा अर्ज होता. सेक्रेटरींनी टाचणी काढली, अर्ज उचलला. त्याखाली रंगकामाची सूचना होती.

"तुमचा अर्ज जरा लांबलचक होता," ते म्हणाले. "ती झाकली गेली."

"टाचलात तुम्ही!"

"लिहिलात तुम्ही."

या माणसाला ब्लड प्रेशर नाही. मी विचारून खात्री करून घेतली आहे.

मुकादमाला म्हटलं, पुढचे पाइप काढ. तो म्हणाला, ही भिंत रंगवून होईपर्यंत पाइप काढता येत नाहीत, वर माणसं आहेत. कंत्राटदाराला फोन केला. तो म्हणाला, सोसायटीचं पत्र आणा. सेक्रेटरी म्हणाले, पत्र द्यायचं तर कंत्राटदाराचा अर्ज लागेल. हे मी पुढे सांगत नाही. वाचकांपैकी अनेकांनी कचेऱ्या बघितल्या असतील. मी स्वतः एकीत काम करतो. पण मी लोकांना इतकं फिरवत नाही, निदान त्यांना गाडी नसताना तरी.

बुधवारी मी अर्धी रजा टाकली आणि पाइपांखालून रांगत गाडीपाशी पोचलो. पंप बसवला. तो चोख बसला. मग बेल्ट. वरच्या चाकीची खूण जुळवायची, खालच्या चाकीची खूण जुळवायची, पट्टा आधी खाली घालायचा, मग वर ओढून चढवायचा आणि ताणणाऱ्या कप्पीनं ताण द्यायचा. वरची चाकी मात्र स्प्रिंगच्या जोरावर सारखी निसटू बघते. तिला एक हात, पट्ट्याला दोन हात आणि ताण द्यायला पाना धरलेला एक हात. मला देवानं इतके दिलेले नाहीत. गुडघा वापरला, हनुवटी वापरली. वरून भिंतीचा चुरा आणि मधूनमधून रंग पडत होता. साईच्या रंगाचा एक मोठा थेंब माझ्या मानेवर पडला. वरच्या माणसानं "सॉरी साहेब" म्हटलं आणि त्याच्या शेजाऱ्यानं, "साहेबांचा पहिला हात झाला, दुसरा वाळल्यावर मारू," असंही म्हटलं. फळीवर हशा. आधी गाडीखालून, आता डोक्यावरून. जगात मला हसायला आणखी कुठली दिशा उरली होती?

पट्टा बसला. आता एकच काम बाकी होतं. हातानं इंजिनाचे दोन पूर्ण फेरे फिरवायचे आणि खुणा पुन्हा जुळतात का ते बघायचं. मी पाना लावलाच होता, तेवढ्यात सेक्रेटरी पाइपांच्या पलीकडे उभे राहून म्हणाले, "टपालपेटीचं काय करायचं?"

बुधवारी! गुडघ्यावर, रंगात, चुऱ्यात असताना! मी बाहेर आलो आणि आजवर साठलेलं सगळं बोललो. टपालपेटी, टाकी, अर्ज, टाचणी, सगळं. बराच वेळ बोललो. वरचे रंगारी काम थांबवून ऐकत होते. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "बरं, सावकाश सांगा," आणि निघून गेले. त्यानंतर मी गाडीपाशी जाऊन झाकणं लावली, आधार बसवला, चाक बसवलं, नवं हिरवं पाणी भरलं. फेरे फिरवायचे राहून गेले. ही चूक कोणाची, हे वाचकांनी शांतपणे ठरवावं.

किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली! वरून शिट्ट्या आल्या. मग ती खोकली. थरथरली. म्हातारा माणूस जिना चढून आल्यावर बोलू बघतो तसं काहीतरी करू लागली आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली. पुन्हा तेच. मी झाकण काढून बॅटरी मारली. वरच्या चाकीची खूण आणि खालची खूण एका दातानं चुकली होती. एका दातानं.

मी वजनमापे निरीक्षक आहे. मी लोकांना केसभर फरकासाठी नोटिसा देतो.

कॅप्टन खुर्ची घेऊन आलेच होते. "मी म्हणणारच होतो," ते म्हणाले.

"मग म्हणाला का नाहीत?"

"तुम्ही भांडत होतात."

मी बॅटरी खाली ठेवली. गाडीत जाऊन बसलो आणि समोरच्या आडव्या पाइपाकडे बघत राहिलो. राग होता, पण तो कोणावर ठेवावा हे कळेना. गॅरेजवाला तिथे नव्हता, दुकानदार नव्हता, सेक्रेटरी घरी चहा पीत असणार. उद्या गुरुवार होता. मी ज्यांना कधी पाहिलं नाही अशा एक आजी खिडकीपाशी उभ्या राहून रस्त्याकडे बघत असतील, असं उगाच डोळ्यांसमोर आलं. ते नको होतं.

शेजारचं दार दोनदा ओढलं गेलं. बायको आत येऊन बसली. पाइपांखालून रांगत आली होती. केसांत चुरा होता आणि कामाची बॅग मांडीवर होती. बसनं आली होती.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"एक दात चुकलाय."

"मग?"

"मग सगळं पुन्हा उघडायचं. आणि ते एकट्यानं होत नाही. हात कमी पडतात. गाडी बनवणाऱ्यानं विचार करायला नको का? घरच्या घरी काम करणाऱ्याला किती हात असतात याचा?"

तिनं बॅग मागच्या सीटवर ठेवली. मग म्हणाली, "मला का नाही हाक मारली?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. मी एकट्यानं करून दाखवणार होतो. पण मोठ्यानं म्हणून बघितलं असतं तर ते चांगलं वाटलं नसतं, म्हणून म्हणालो नाही.

ती वर जाऊन माझा जुना शर्ट चढवून आली. मी पुन्हा चाक काढलं, ठोकळा लावला, आधार सोडला, झाकण काढलं, ताण सैल केला. तिनं वरची चाकी दोन्ही हातांनी धरली. मी पट्टा चढवू लागलो.

"तुम्ही हिसका देताय," ती म्हणाली.

"हिसका दिल्याशिवाय चढत नाही."

"चढतं. हिसका दिला की समोरचं आखडतं. धरून ठेवा नुसतं. आता श्वास सोडा. तुम्ही, चाकी नाही."

मी श्वास सोडला. तिनं चाकी किंचित मागे घेतली, पट्टा सरकला आणि दात दातांत बसले. ती म्हणाली, "सोडू?" मी म्हणालो, "नको, थांब." ताण दिला. "आता सोड." चाकी जागची हलली नाही. मग मी पाना लावून इंजिनाचा एक फेरा फिरवला, दुसरा फिरवला. ती बॅटरी धरून बघत होती. वर फळीवर कोणी खरवडत नव्हतं.

"जुळली," ती म्हणाली. "खालची बघा."

खालचीही जुळली होती. अगदी केसावर.

सगळं लावून तिनं किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं आणि सुरूच राहिलं. खोकला नाही, थरथर नाही. मी तिच्याकडे पाहिलं. ती डॅशबोर्डवर तळवा ठेवून ऐकत होती, पेशंटच्या पाठीवर ठेवते तसा.

आता पाइप. मी सेक्रेटरींच्या नावे नवा अर्ज लिहायला खिशातून पेन काढलं होतं. तेवढ्यात मुकादम खाली उतरला. त्याचा हात पुन्हा खांद्यावर होता. बायको म्हणाली, "किती दिवस दुखतोय?"

"लई दिवस झाले, मॅडम. वर उचलला की कळ येते."

"इकडे या." तिनं त्याला पाइपाला टेकवून उभा केला, हात धरून सावकाश फिरवला, कुठेतरी अंगठा दाबला. तो आधी ओरडला, मग थांबला, मग त्यानं हात वर केला आणि त्याच हाताकडे बघत राहिला. तिनं त्याला रोज भिंतीशी करायचा एक व्यायाम दाखवला. मुकादमानं वर तोंड करून दोन हाका मारल्या. फळीवरची माणसं बाजूला सरकली, खालचा एक टेकू बदलला गेला आणि गाडीसमोरचे दोन्ही आडवे पाइप निघून भिंतीशी लागले. पत्र नाही, अर्ज नाही, मंजुरी नाही. तीन दिवस मी जे मागत होतो ते एका खांद्यानं झालं. मला आनंद झाला नाही असं नाही, पण पद्धत म्हणून हे चूकच आहे.

गुरुवारी सकाळी ती वेळेच्या आधीच निघाली. टपावर साईच्या रंगाचे ठिपके वाळले होते. इमारत बाल्कन्यांत आली होती. तळमजल्यावरच्या मावशीही दारात होत्या. सेक्रेटरी चालायला निघाले होते, तेही थांबले. तिनं गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, पाइपांमधून सफाईदार बाहेर काढली, आणि वरच्या रंगाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाल्कन्यांतूनही वाजल्या. सगळ्या तिच्यासाठी! मी तिथेच उभा होतो, काळ्या हातांनी. नखांतलं काळं पुढे कित्येक दिवस गेलं नाही, हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

कॅप्टन खुर्ची सरकवत माझ्याजवळ आले. "वहिनींनी छान केलं हो काम," ते म्हणाले.

मी तोंड उघडलं. बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण गाडी तेव्हा रस्त्याला लागून चढाला लागली होती, तिनं गिअर बदलला होता, आणि इंजिनाचा आवाज एकसारखा, न अडखळता वर चढत चालला होता.

"गप्प बसा जरा," मी कॅप्टनना म्हणालो. "ऐकू द्या."